लोखंडी खांबावरचा अग्निरोधक रंग किती वर्षं टिकतो? कोल्हापुरात नव्यानं काम हाती घेणाऱ्यांसाठी

शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावला नवी शेड उभी करणारा माणूस रंगाचं कोटेशन हातात आलं की हमखास विचारतो, "किती वर्षं चालंल ओ ह्यो?" समोरचा म्हणतो, "धा वर्षं बगायला नगं." चहा येतो, व्यवहार ठरतो. शेड, मंगल कार्यालयं, दवाखाने अशा ठिकाणच्या रंगाची तपासणी करताना मी ही दहा वर्षं चौथ्या वर्षी संपलेली पाहिलीत आणि अठराव्या वर्षीही ठणठणीत पाहिलीत. रंग दोन्हीकडं चांगल्या कंपनीचाच होता. फरक होता जागेचा, जाडीचा आणि वरच्या थराचा.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते नाट्यगृह आगीत जाताना बघून अनेकांना रडू आवरलं नाही. त्यानंतर अग्निरोधक रंगाची चौकशी करणारे फोन वाढले, आणि त्यातले बहुतेक जण या विषयात अगदी नवे होते: सोसायटीचे सचिव, नुकतेच साइटवर आलेले इंजिनिअर, वडिलांचा कारखाना हातात घेतलेली मुलं. त्यांना मी तोंडी जे सांगतो ते इथं क्रमानं लिहितो.

आधी समजून घ्या, हा रंग करतो काय

लोखंड जळत नाही, पण तापलं की मऊ पडतं. ४०० अंश सेल्सियसपर्यंत ते बऱ्यापैकी तग धरतं. ५५० च्या आसपास त्याची ताकद साधारण ६० टक्क्यांवर येते आणि तिथून पुढं घसरगुंडी लागते. चाचणीच्या प्रमाणित भट्टीचं तापमान अर्ध्या तासात ८४० अंशांपर्यंत आणि तासाभरात ९४५ अंशांपर्यंत चढतं. त्या आगीत उघडा, हलका खांब पाव तासाच्या आसपास ५५० पाशी पोचतो. माणसं बाहेर काढायला आणि बंब यायला एवढा वेळ पुरत नाही. तो वेळ वाढवून देणं हेच या रंगाचं काम.

तज्ज्ञ याला इंट्युमेसंट म्हणतात, म्हणजे तापल्यावर फुगणारा. साधारण २०० ते २५० अंशांना त्यातलं अमोनियम पॉलिफॉस्फेट फुटून आम्ल तयार होतं. ते पेंटाएरिथ्रिटॉल नावाच्या घटकाचा कोळसा करतं, आणि मेलामाइनमधून सुटणारा वायू त्या मऊ कोळशाला फुगवतो. मिलिमीटरभर रंगाचा काही सेंटिमीटर जाड, स्पंजासारखा थर होतो आणि आगीची धग खांबापर्यंत उशिरा पोचते.

आता हा रंग म्हातारा होतो म्हणजे काय होतं? आपल्याकडच्या कुठल्याही घरात हे कळतं. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की त्याची विरी जाते. रंग तोच, वास जवळपास तोच, पण थापायला घेतलं की कडा फुटतात आणि तव्यावर भाकरी फुगत नाही. या रंगाचंही तसंच आहे. अमोनियम पॉलिफॉस्फेटला पाणी लागत राहिलं की ते हळूहळू विरघळून पृष्ठभागाकडं येतं आणि धुऊन जातं. उन्हानं रंगाला धरून ठेवणारा बाइंडर ठिसूळ होतो. खांबावर रंग दिसत राहतो, पण तापल्यावर फुगायचं ते त्यातून निघून गेलेलं असतं. म्हणून 'दिसतोय की चांगला' हे उत्तर या कामात चालत नाही.

पहिली पायरी: डब्यात नक्की काय आहे ते बघा

दुकानात जाऊन 'फायरचा रंग द्या' म्हटलं तर तीन वेगवेगळ्या वस्तू पुढ्यात येऊ शकतात, आणि नवखा माणूस इथंच फसतो.

एक चंदेरी, उष्णता सोसणारा अ‍ॅल्युमिनियम रंग. धुराडी, वाफेच्या पाइपा, सायलेन्सर यांच्यासाठी तो असतो. तापमानात तो स्वतः जळून जात नाही, एवढाच त्याचा गुण. खांबाला तापण्यापासून तो वाचवत नाही. साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात त्याची जागा आहे, खांबांच्या अग्निसंरक्षणात नाही.

दुसरा, ज्वाला पसरू न देणारा रंग किंवा वार्निश. लाकूड, प्लायवूड, रंगमंचावरची चौकट, छताची पॅनेलं यांना तो लावतात. आग पृष्ठभागावरून झरझर धावू नये म्हणून तो उपयोगी आहे आणि त्याच्या जागी अतिशय महत्त्वाचाही आहे. पण त्याच्या कागदावर बीएस (ब्रिटिश मानक) ४७६ भाग ७ एवढंच लिहिलेलं असेल, तर ते ज्वाला पसरण्याच्या चाचणीचं प्रमाणपत्र आहे. लोखंडी खांब किती मिनिटं उभा राहील याच्याशी त्याचा संबंध नाही.

तिसरा, आपल्याला हवा तो. त्याच्या कागदावर आयएस (भारतीय मानक) ३८०९, बीएस ४७६ भाग २० ते २२, ईएन (युरोपीय मानक) १३३८१ भाग ८ अशी अग्निरोधाची चाचणी असते, आणि सोबत एक तक्ता असतो: कुठल्या आकाराच्या लोखंडाला, किती मिनिटांसाठी, किती जाडीचा थर. तक्ता नसेल तर पुढं जाऊ नका. प्रमाणपत्र खरं असलं तरी तक्त्याशिवाय ते अर्धवट आहे, कारण हा रंग 'दोन हात' अशा मापात मारायचा नसतो.

दुसरी पायरी: जाडीचा हिशेब

साध्या ऑइल पेंटचा एक हात सुकल्यावर ३०-३५ मायक्रॉन भरतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अग्निरोधक रंगाची जाडी अर्ध्या तासासाठी काही शे मायक्रॉन, तर दोन तासांसाठी काही मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणजे ६५० मायक्रॉनचा थर हा ऑइल पेंटच्या वीस हातांएवढा. मिस्त्रीला हे आधी समजावून सांगा, नाहीतर 'दोन हात मारले की' म्हणून तो प्रामाणिकपणे काम संपवेल.

आणि बारीक खांबाला जास्त रंग लागतो, जाड खांबाला कमी. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. लोखंडाच्या ज्या कडेला आग लागणार त्या कडेची लांबी भागिले लोखंडाचं छेदाचं क्षेत्रफळ, असा एक आकडा काढतात, मापं मीटरमध्ये धरून. दोन्ही बाजूंनी तापणाऱ्या १० मिलिमीटर पत्तीसाठी तो सुमारे २०० येतो, २० मिलिमीटर पत्तीसाठी १००. आकडा जितका मोठा तितकं लोखंड लवकर तापतं. १०० बाय १०० ची ४ मिलिमीटर जाडीची चौकोनी पाइप घेतली, तर हाच आकडा २६० पर्यंत जातो. आजकाल खर्च वाचवायला अशाच हलक्या पाइपांच्या छताच्या कैच्या बनवतात. लोखंडात वाचलेले पैसे मग रंगात जातात, हे फॅब्रिकेटर सांगत नाही. आधीच विचारून घ्या.

किती मिनिटं हवीत, ते मात्र तुम्ही किंवा रंगवाला ठरवत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ चा भाग ४ आणि अग्निशमन विभागाची मंजुरी यांतून ते येतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

तिसरी पायरी: खांब उभा आहे कुठं

किती वर्षं, या प्रश्नाचं खरं उत्तर या पायरीत आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

युरोपात या रंगांच्या टिकाऊपणाची तपासणी जागेच्या चार प्रकारांत करतात, आणि आपल्याकडं येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपत्रकात तीच अक्षरं असतात. झेड-टू म्हणजे इमारतीच्या आतली कोरडी जागा. झेड-वन म्हणजे आतलीच, पण दमट. वाय म्हणजे अर्धवट उघडी, जिथं थेट पाऊस पडत नाही पण हवा खेळते. एक्स म्हणजे ऊन, पाऊस, सगळं. रंग वाय साठी तपासलेला असेल तर तो झेड-वन आणि झेड-टू ला चालतो. उलटं चालत नाही.

हे कोल्हापूरच्या भाषेत असं. राजारामपुरीतलं वातानुकूलित ऑफिस झेड-टू. हॉटेलचं स्वयंपाकघर, डाइंगचं युनिट, सूतगिरणीचा मुद्दाम दमट ठेवलेला विभाग हे झेड-वन. इमारतीखालचं पार्किंग आणि भिंती नसलेली, नुसता पत्रा टाकलेली गोदामाची शेड वाय. आणि बाहेरचा जिना, पाइपांचा सांगाडा, पाण्याच्या टाकीखालचे खांब हे एक्स. शेड गगनबावड्याकडच्या अंगाला असेल तर मी वाय मध्येसुद्धा एक्स चा रंग मागतो. तिकडचा पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्यासोबत आडवा आत येतो.

याच पद्धतीत आयुष्य १० वर्षं गृहीत धरतात, आणि जास्तीच्या चाचण्या पार केलेल्या रंगाला २५ वर्षं म्हणता येतं. पण त्या कागदात स्पष्ट लिहिलेलं असतं की ही वर्षं योग्य उत्पादन निवडण्यासाठी आहेत, ती हमी नव्हे. म्हणून नव्या माणसानं तीन आकडे वेगवेगळे लिहून ठेवावेत. आगीत टिकायची मिनिटं हा एक. तपासणीत गृहीत धरलेली वर्षं हा दुसरा. आणि ठेकेदार स्वतःच्या सहीनं किती वर्षांची जबाबदारी घेतो, हा तिसरा. तिसरा आकडा बहुतेक वेळा सर्वांत लहान असतो. बोलताना हे तिन्ही एकात मिसळले जातात आणि पुढं भांडणं होतात.

जागेत आणखी काही गोष्टी आपल्या भागाच्या म्हणून बघा. फौंड्रीत भट्टीजवळचे खांब रोज तापत असतील तर तिथं हा रंग लावू नका. सततच्या धगीत तो आगीच्या आधीच खचतो, तिथं व्हर्मिक्युलाइट या उष्णतारोधक खनिजाचं प्लास्टर किंवा बोर्ड बरा. वाळूची बारीक धूळ आणि कामगारांच्या ट्रॉल्या यांनी खांबाचा खालचा दीड मीटर घासला जातो, त्याला पत्र्याचं संरक्षण द्या. हुपरीसारख्या ठिकाणी चांदीच्या कामात आम्ल वापरतात, तिथल्या वाफा टॉपकोट, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर, खातात. साखर कारखान्यात वाफ आणि बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, धूळ दोन्ही असतात. अशा जागी पाण्यात विरघळवलेला स्वस्त रंग घेण्यापेक्षा इपॉक्सी जातीचा घ्यावा. तो महाग आहे, लावायला अवघड आहे, पण पाण्याला आणि रसायनांना तो खूपच चिवट असतो. तेलशुद्धीकरण कारखान्यांत तोच वापरतात.

माझा अंदाज विचाराल तर असा. कोरड्या बंद जागेत, नीट जाडीनं लावलेला आणि वर टॉपकोट असलेला रंग २० वर्षं आणि पुढंही जातो. दमट आतल्या जागेत १० ते १५ धरा, मध्ये एकदा टॉपकोट नवा करून. अर्धवट उघड्या शेडमध्ये ७ ते १० वर्षांनी मोठी डागडुजी येणारच असं समजून पैसे बाजूला ठेवा. आणि आतल्या जागेचा साधा रंग टॉपकोटशिवाय बाहेर लावला, तर एका पावसाळ्यात त्याची वाट लागते.

चौथी पायरी: लावतानाचे दिवस

जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या साइटवर हे काम काढू नका. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर हात मारायचा नाही, आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश वर हवं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सकाळी आठला खांबाला हात लावून बघा. ओलसर लागला तर ऊन चढेपर्यंत थांबा. कोल्हापुरात थंडीतलं दव पावसाइतकंच नुकसान करतं, फक्त ते दिसत नाही.

लोखंड ब्लास्टिंग करून, म्हणजे दाबाच्या हवेनं खडीचा मारा करून, साफ करून घ्या. नुसतं वायर ब्रशनं घासून मिल स्केल, म्हणजे कारखान्यातूनच आलेला काळा पापुद्रा, जात नाही, आणि ते नंतर रंगासकट सुटतं. प्रायमर रंगाच्या कंपनीनं सांगितलेलाच. फॅब्रिकेटर सवयीनं रेड ऑक्साइड मारून पाठवतो. जाड थराच्या वजनाखाली आणि थिनरनं तो मऊ पडून सुटलेला मी पाहिलाय. ऑर्डर देतानाच 'रेड ऑक्साइड नको' असं लिहून द्या.

डब्यावरची तारीख बघा. पाणीवाल्या रंगाचं डब्यातलं आयुष्य सहा महिने ते वर्षभर असतं, आणि एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवलेले डबे त्याआधीही बिघडतात.

पाचवी पायरी: मोजणी, आणि ती स्वतः हजर राहून

सुकलेल्या रंगाची जाडी मोजायचं चुंबकीय मीटर येतं. साइटवर सगळे त्याला एल्कोमीटर म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. प्रत्येक खांबाच्या सगळ्या बाजूंवर, खाली, मध्ये, वर मोजा. आतल्या कोपऱ्यात आणि कडांवर रंग पातळ राहतो, तिथं आवर्जून. सरासरी ठरलेल्या जाडीइतकी किंवा जास्त हवी. एखादं माप ८० टक्क्यांच्या खाली आलं तर त्याच्या आसपास आणखी दोन-तीन मापं घ्या आणि पातळ पट्टा किती पसरलाय ते शोधा. निम्म्याहून कमी जाडी कुठंही चालवून घ्यायची नाही.

मापातून प्रायमरची जाडी वजा करायला विसरू नका. प्रायमर झाल्यावर एकदा मोजलं असेल तरच ती वजा करता येते, म्हणून मीटर पहिल्या दिवसापासून साइटवर हवं. आणि टॉपकोट मारायच्या आधी मोजा. नंतर मीटर सगळं एकत्रच मोजतं.

याच गोष्टीनं मला एकदा चांगलाच धडा दिला. गोकुळ शिरगावकडच्या एका कारखान्यात सहा-सात वर्षं जुना थर तपासायला गेलो होतो. काम झालं तेव्हाच्या नोंदवहीत ६५० मायक्रॉन, मीटरवर ८८०. मालक खूश, मीही क्षणभर खूश. मग जुना फोरमन म्हणाला, "दर खंडेनवमीला आम्ही खांबबी रंगवून घेतो की, मशिनीसंगं." प्रेमानं, पूजेच्या आदल्या दिवशी, दरवर्षी इनॅमलचा एक हात. वाढलेले २३० मायक्रॉन त्याचे होते. इनॅमल स्वतः जळतं, आणि त्याचा जाड थर खालच्या रंगाला फुगताना दाबून धरू शकतो. कुठल्याच प्रयोगशाळेनं ते एकत्र तपासलेलं नाही. त्या माणसाच्या श्रद्धेला दोष द्यायचा नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक खांबावर डोळ्यांच्या उंचीवर एक पट्टी लावायला सांगतो: 'अग्निरोधक थर. विचारल्याशिवाय रंगवू नये, भोक पाडू नये, वेल्डिंग करू नये.'

सहावी पायरी: टॉपकोट

पावसात भातलावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवर इरलं असतं, तसा हा थर. खालच्या रंगाला ऊन आणि पाणी लागू न देणं एवढंच त्याचं काम. आधी म्हातारा होतो तोही, आणि व्हायलाही तोच हवा. टॉपकोट वेळेवर नवा केला तर खालचा महागडा थर वर्षानुवर्षं तसाच राहतो. टॉपकोट खडूसारखा हाताला लागायला लागला, चमक गेली, बारीक चिरा दिसल्या की त्याची पाळी आली.

तो कंपनीच्या यादीतलाच असावा आणि सांगितलेल्या जाडीतच. खालचा थर पूर्ण सुकल्याशिवाय मारू नका. आत पाणी कोंडलं तर दोन महिन्यांत फुगे येतात. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून घाईनं मारलेले टॉपकोट मी सर्वांत जास्त खरवडलेत.

सातवी पायरी: वही आणि वर्षातले दोन दिवस

खांबांना नंबर द्या. वहीत प्रत्येक नंबरापुढं रंगाचं नाव, बॅच, प्रायमर, मोजलेली जाडी, टॉपकोट आणि तारीख. सोबत फोटो. तक्ता आणि प्रमाणपत्राची प्रत त्याच फाइलमध्ये. दहा वर्षांनी रंग बघणारा माणूस वेगळा असेल, ठेकेदार कदाचित धंद्यात नसेल, ही वही तेवढी बोलेल.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणं मालकाला परवानाधारक यंत्रणेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'नमुना ब' प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात पंप, होज, स्प्रिंकलर बघितले जातात, रंगाकडं मात्र सहसा कुणी मान वर करून बघत नाही. तुम्ही बघायला लावा. पण त्याच्यावर अवलंबून राहू नका. माझे दिवस मे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि दसऱ्याची सुट्टी हे आहेत. एक पावसाच्या आधी, एक नंतर. खंडेनवमीला मशिनं बंद असतात, साफसफाई चालू असते, शिडी मोकळी असते.

बघायचं ते असं. आधी डोळ्यांनी: पोपडे, फुगे, चिरा, गंजाचे ओघळ, पांढरी पावडर. पांढरी पावडर पुसली की जाते म्हणून दुर्लक्ष करू नका, आतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येत असतील तर रंगाची विरी जायला लागलीय. मग हातानं: बोटानं दाबून मऊ किंवा चिकट लागतो का, स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीनं हलकं ठोकल्यावर पोकळ वाजतो का. मग मीटर. आणि वहीशी तुलना. पत्र्याच्या गळतीखालचे खांब, पन्हाळीजवळचे जोड, खांबाचा पाया आणि नटबोल्टच्या जागा आधी. बिघाड तिथूनच चालू होतो.

एक साधी चाचणी आहे, अंदाजापुरती. संशयास्पद जागेवरून नखाएवढा पोपडा काढा, शेडच्या बाहेर मोकळ्यावर न्या, फरशीवर पत्र्याचा तुकडा ठेवून त्यावर गॅस टॉर्चची ज्योत धरा. शेजारच्या चांगल्या खांबाचाही एक तुकडा घ्या. चांगला तुकडा भसाभस फुगतो. मेलेला नुसता काळा पडून जळतो किंवा भुगा होतो. ही चाचणी मिनिटं सांगत नाही आणि प्रमाणपत्राची जागा घेत नाही. पण मालकाच्या डोळ्यांसमोर एकदा केली की पुढची दुरुस्ती मंजूर व्हायला वेळ लागत नाही.

आठवी पायरी: कुठं ठिगळ, कुठं सगळं काढायचं

भोक, ओरखडा, वेल्डिंगनं जळलेला पट्टा अशा जागा लहान असतात. तिथं घट्ट रंग लागेपर्यंत मागं जा, कडा उतरत्या घासा, लोखंड स्वच्छ करा, प्रायमर, मग तोच रंग पातळ हातांनी ठरलेल्या जाडीपर्यंत, मग टॉपकोट. वेगळ्या कंपनीचा रंग ठिगळासाठी वापरू नका, मूळ कंपनी बंद झाली असेल तर त्या खांबाचं पूर्ण काम काढा. नवी ब्रॅकेट किंवा केबल ट्रे खांबाला वेल्ड केली असेल तर तिलाही काही अंतरापर्यंत रंग द्यावा लागतो, नाहीतर आगीची धग तिच्यातून खांबात शिरते.

पोपडा सुटून खाली गंज दिसत असेल, ठोकल्यावर लांबच लांब पोकळ आवाज येत असेल, किंवा टॉर्चखाली वेगवेगळ्या जागचे तुकडे फुगत नसतील, तर ठिगळांवर पैसे घालू नका. लोखंडापर्यंत काढा. मालकाला हे सांगणं जड जातं, कारण पुन्हा परांची, पुन्हा ब्लास्टिंग, पुन्हा काम बंद. तरी सांगा. मेलेल्या थरावर नवा थर मारला तर आगीत दोन्ही मिळून खाली पडतात.

आणि पूर

हा भाग कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात मिळत नाही, पण आपल्याला तो टाळता येत नाही. २००५, २०१९, २०२१. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्यापारी पेठ, शिरोलीचा पट्टा, ज्यांची दुकानं आणि गोदामं पाण्यात होती त्यांना तारखा सांगायची गरज नाही. पाणीवाला अग्निरोधक रंग चार-पाच दिवस पुराच्या पाण्यात बुडाला तर बुडालेला भाग गेला असं धरूनच चाला.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की वही, तक्ते आणि प्रमाणपत्रं वरच्या मजल्यावर न्या. पाणी ओसरल्यावर पूररेषा पुसायच्या आधी प्रत्येक खांबावर ती खडूनं आखून फोटो काढा, विम्यासाठीही लागेल. चिखल साध्या नळीच्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं काढा. प्रेशर वॉशर नको, भिजून मऊ झालेला रंग त्यानं उडतो. मग पंखे लावून तीन-चार आठवडे वाळू द्या. ओल्या रंगाची जाडी फुगून जास्त दिसते, त्यामुळं पहिल्या आठवड्यात मीटर लावून समाधान मानू नका.

वाळल्यावर पूररेषेच्या खालचा आणि वरचा तुकडा शेजारी शेजारी टॉर्चखाली धरा. खालचा फुगला नाही तर रेषेच्या वर वीतभर अंतरापर्यंत सगळं काढून नवं करा. नवं करताना त्या खालच्या भागाला पुन्हा तोच रंग देऊ नका. दरवेळी पाणी येतं त्या जागी खांबाला पूररेषेच्या वरपर्यंत काँक्रीटचा वेढा देणं मला सर्वांत योग्य वाटतं, आणि रंग तिथून वर. वेढा आणि रंग जिथं भेटतात तो सांधा सीलंटनं बुजवा, रंग काँक्रीटवर थोडा चढवून घ्या, आणि मे महिन्याच्या फेरीत तो सांधा सर्वांत आधी बघा.